हजार बगळ्यांचा खोका: कागद पास, माहितीपत्रक नापास

6 ऑगस्टचा हिरोशिमा दिन जवळ आला की कार्यानुभव आणि चित्रकलेचे शिक्षक हजार कागदी पक्ष्यांच्या तयार संचाची चौकशी करू लागतात. पूर्वी घोटीव कागद आणून कात्रीने चौकोन पाडावे लागत. आता ते कापून, मोजून खोक्यात बसवलेले मिळतात. साडेसात सेंटिमीटरचे हजार रंगीत चौकोन, वर दहा-वीस जादा, नायलॉनचा दोरा, प्लास्टिकचे पंचवीस मणी, एक सुई, घड्यांची चित्रं आणि सादाको सासाकीची गोष्ट सांगणारं चार पानी माहितीपत्रक. सादाको म्हणजे हिरोशिमावरच्या अणुबाँबनंतर काही वर्षांनी आजारी पडलेली मुलगी. हजार कागदी क्रौंच केले की इच्छा पूर्ण होते या जपानी समजुतीने ती दवाखान्यात ते करत होती. हे पत्रक हिंदी-इंग्रजीत आहे, मराठीत नाही आणि कन्नडातही नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पाचवी ते सातवीच्या वर्गांत हा खोका कितपत चालतो, एवढंच इथे पाहायचं आहे.

पक्षी मुळात क्रौंच. हिंदी पानावर ‘सारस’ छापलंय आणि पोरं त्याला बगळाच म्हणतात. म्हणू द्यात.

आधी कागद. रंग उठावदार आहेत, मागची बाजू पांढरी आहे आणि घडी चांगली बसते. घोटीव कागदाची घडी दाबली की कडेला पांढरी चीर पडते, तशी इथे पडत नाही. घामेजल्या बोटांना लाल-जांभळा रंगही लागत नाही. दोष आहे तो कापण्यात. गठ्ठा यंत्राखाली जरा जरी सरकला की तळचे चौकोन मिलिमीटर-दीड मिलिमीटरने लांबट निघतात. मोठ्या कागदावर एवढा फरक खपून जातो, साडेसात सेंटिमीटरवर खपत नाही. दहा-बारा घड्यांनंतर तो सगळा फरक चोचीशी आणि शेपटीच्या टोकाशी गोळा होतो आणि पक्ष्याची चोच फाटक्या वातीसारखी दिसू लागते. मुलाला वाटतं आपला हात वाईट. म्हणून वाटण्याआधी प्रत्येक रंगातले पाच-सहा कागद कर्णावर दुमडून पाहावेत. कडा जुळल्या नाहीत तर तो रंग बाजूला काढून पट्टी-कात्रीने कड छाटावी.

दुसरा त्रास आपल्या हवेचा. ऑगस्टात बेळगावात पावसाची रिपरिप असते आणि खानापूरच्या बाजूला तर झड लागलेली असते. कागद ओल धरतो, मऊ पडतो आणि केलेली घडी दहा मिनिटांत उमलते. खोका उघडला की कागद घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालावेत आणि सोबत भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवावी. झालेले पक्षी रात्रभर जाड वहीखाली दाबून ठेवले की पुन्हा उघडत नाहीत.

खर्च वाचवायचा असेल तर घोटीव कागद अजूनही वाईट नाही. 50 बाय 75 सेंटिमीटरच्या एका तावातून साडेसातचे 60 चौकोन निघतात, म्हणजे 17 तावांत हजार होऊन 20 उरतात. दहा सेंटिमीटरचे हवे असतील तर एका तावातून 35, म्हणजे 29 ताव. पंधराचे हवे असतील तर तावातून 15 आणि ताव लागतील 67. चौथीच्या खालच्या मुलांना साडेसातचा कागद देऊच नये. त्यांची बोटं पाकळीच्या घडीत अडकतात, कागद फाटतो आणि रडारड होते. त्यांच्यासाठी पंधराचाच घ्यावा. संच बनवणाऱ्यांनी खोक्यावर ‘वय 5 वर्षांपासून पुढे’ छापलंय ते कोणत्या वर्गात बघून, देव जाणे.

घड्यांची चित्रं स्वच्छ आहेत, पण नेमक्या दोन जागी मुकी होतात आणि वर्ग तिथेच कोसळतो. पहिली जागा प्राथमिक चौकोनाची. दोन कर्ण, दोन मध्यरेषा दुमडून कागद छोट्या चौकोनात मिटला की त्याचं एक टोक बंद असतं आणि समोरचं उघडं. उघडं टोक आपल्याकडे यायला हवं. चित्रात ते कळत नाही. बंद टोक पोटाशी धरून सुरुवात केली तर पुढची पाकळी वर उचलली जात नाही आणि मुलं जोर लावून कागद फाडतात. सांगायची सोपी युक्ती: चौकोनाची चार पानं बोटाने मोजता येतात ते टोक आपल्याकडे. मग दोन्ही कडा मध्यरेषेवर आणायच्या, वरचा त्रिकोण खाली मुडपून कडक ओळ पाडायची, सगळं उघडायचं, आणि पुढचं एक पान वर ओढून कडा आत दाबायच्या. मागच्या बाजूलाही तेच.

दुसरी जागा त्यानंतर लगेच येते. हातात लांबट चौकट उरते. तिचा एक भाग मधोमध चिरलेला असतो, दुसरा अखंड. चिरलेल्या दोन फाकांची मान आणि शेपटी होते, अखंड पानांचे पंख. वर्गातली निम्मी मुलं इथे अखंड बाजू बारीक करतात आणि मग पंखांच्या जागी दोन काड्या येतात. फळ्यावर ‘चिरलेली बाजू म्हणजे मान’ असं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं की निम्मा त्रास जातो. फाका आतल्या बाजूने उलटवून वर आणायच्या, एका टोकाला चोच मोडायची. पंख जोराने ताणू नयेत. ताणले की पाठीवरच्या टोकाला भोक पडतं, कारण सगळ्या घड्या त्याच एका बिंदूतून गेलेल्या असतात.

पहिला पक्षी करायला मुलाला दहा-पंधरा मिनिटं लागतात. हात बसला की चार. 40 मुलांच्या वर्गात प्रत्येकी 25 पक्षी, म्हणजे शिकणं सोडून साधारण शंभर मिनिटं. दोन तासिकांत हजार होतात हा खोक्यावरचा दावा विसरा. पाच तासिका धरा आणि घरी देऊ नका, कारण घरून येतात ते आईने केलेले असतात.

ओवण्याची बाजू मात्र सपशेल पडली आहे. नायलॉनचा दोरा गुळगुळीत असतो, गाठ सुटते आणि शेवटचा पक्षी निसटला की मागचे चाळीस टपाटप जमिनीवर. शिवाय नायलॉन पातळ असल्यामुळे पाठीचा कागद चिरत वर सरकतो. तो दोरा पतंगवाल्याला देऊन टाका आणि गोधडी शिवायचा जाड दोरा आणा, दुहेरी. मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला की तो कागदातून सहज जातो. खोक्यातली सुईही बारीक आहे, तिच्याऐवजी गोधडीची सुई घ्या. पक्ष्याच्या पोटाखाली घड्यांची मुळातलीच फट असते, तिथून सुई घालून पाठीच्या टोकातून वर काढायची. तळाला मण्याऐवजी जुन्या शर्टाचं बटण. प्रत्येकी 40 पक्ष्यांच्या 25 माळा ही प्रचलित मांडणी आहे. एका माळेला सव्वा मीटर दोरा पुरे, त्यात वर बांधायचा भागही आला. चाळीस मुलांच्या वर्गात एक छान गोष्ट आपोआप जुळते. प्रत्येक मुलाचे 25, माळा 25. प्रत्येक माळेत प्रत्येक मुलाचा एकेक घातला की कुठलीही माळ उचला, तीत अख्खा वर्ग आहे. हे संचाच्या पत्रकात कुठेही सुचवलेलं नाही.

उलट त्यात स्पर्धा सुचवली आहे. सर्वांत जास्त पक्षी करणाऱ्याला सोनेरी प्रमाणपत्र, त्यावर ‘तुमची इच्छा पूर्ण होवो’. आणि एक वेगळं कार्ड: ‘सादाकोचे राहिलेले 356 तुम्ही पूर्ण करा.’

पत्रकाचं खरं दुखणं इथून सुरू होतं. त्यात लिहिलंय की सादाकोचे 644 पक्षी झाले आणि ती गेली, उरलेले 356 मैत्रिणींनी केले. हा आकडा 1977 साली अमेरिकेत निघालेल्या मुलांच्या एका कादंबरीमुळे जगभर पसरला. हिरोशिमाचं शांती स्मारक संग्रहालय आणि तिचे घरचे सांगतात की ऑगस्ट 1955 संपायच्या आतच तिचे हजार पुरे झाले होते आणि त्यानंतरही ती करतच राहिली. कागद मिळेना तेव्हा औषधांच्या पुड्यांचे आणि भेटवस्तूंच्या वेष्टनाचे कागद वापरले, पुढे पुढे ते इतके लहान केले की घडी सुईच्या टोकाने दाबावी लागे. सहावीतल्या एखाद्या पोराला साडेसातचा कागद लहान वाटत असेल तर त्याला हे सांगावं.

आकडा चुकला तर एवढं काय बिघडलं, असं कोणी म्हणेल. बिघडतं ते असं. 644 वाली गोष्ट ‘बिचारी मुलगी राहून गेली’ इथे संपते आणि वर्गाला करुणेपलीकडे काही काम उरत नाही. घडलेलं वेगळं आहे. बाँब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती, घर स्फोटाच्या केंद्रापासून दीड-पावणेदोन किलोमीटरवर. सहावीत ती वर्गात पळण्यात पुढे होती. फेब्रुवारी 1955 मध्ये रक्ताच्या कर्करोगासाठी दवाखान्यात दाखल झाली आणि 25 ऑक्टोबर 1955 ला बाराव्या वर्षी गेली. हजार पक्षी करूनही बरी झाली नाही. इच्छापूर्तीचं प्रमाणपत्र वाटताना हे वाक्य शिक्षकाच्या घशात अडकायला हवं.

आणि त्यानंतर तिच्या वर्गातल्या मुलांनी जे केलं ते चार पानांत एका ओळीतही नाही. नोव्हेंबर 1955 मध्ये मुख्याध्यापकांची देशभरातली परिषद हिरोशिमात भरली होती. या मुलांनी तिथे पत्रकं वाटली: बाँबने गेलेल्या सगळ्या मुलांसाठी पुतळा उभारायचा आहे, मदत करा. कल्पनेमागे मोठ्या माणसांचा हात होताच, पण पत्रकं हातात देणारी बारा-तेरा वर्षांची पोरं होती. जानेवारी 1956 मध्ये शहरातल्या शाळांच्या मुलांची संघटना झाली. जपानमधल्या तीन हजारांहून जास्त शाळांनी पैसे पाठवले, बाहेरच्या नऊ देशांतूनही आले. 5 मे 1958 ला, जपानच्या बालदिनी, स्मारकाचं अनावरण झालं. नऊ मीटर उंच, वर हातात क्रौंच धरलेली मुलगी, शिल्पकार काझुओ किकुची. आतली मूळ घंटा भौतिकीचं नोबेल मिळालेल्या हिदेकी युकावांनी दिलेली. खाली दगडावर मुलांच्याच तोंडचे शब्द आहेत: हा आमचा आक्रोश, ही आमची प्रार्थना, जगात शांती उभारण्यासाठी. आक्रोश आधी आणि प्रार्थना नंतर, हे वर्गात वाचून दाखवण्यासारखं आहे.

पत्रकातली दुसरी चूक गाळण्याची. एका चेहऱ्यामागे बाकी सगळी मुलं झाकली गेली. त्या सकाळी आगी पसरू नयेत म्हणून घरं पाडून मोकळे पट्टे करण्याच्या कामावर हिरोशिमातली आठ हजारांहून जास्त शाळकरी मुलं जुंपलेली होती, बहुतेक बारा-तेरा-चौदा वर्षांची. त्यातली सुमारे सहा हजार गेली. ती तिथे खेळायला गेली नव्हती, सरकारने कामाला लावली होती. मुलांना फक्त निरागस बळी म्हणून दाखवलं की त्यांना तिथे कोणी उभं केलं हा प्रश्न गळून पडतो. संग्रहालयात एक तीनचाकी सायकल आहे, गंजलेली, चार वर्षांचाही न झालेल्या शिनइचीची. तो ती चालवत असतानाच बाँब पडला. बापाने त्याला आणि सायकलीला अंगणात एकत्र पुरलं आणि 1985 मध्ये उकरून काढून सायकल संग्रहालयाला दिली. पाचवीच्या पुढच्या वर्गाला ही एक वस्तू पुरते. भाजलेल्या देहांची छायाचित्रं दाखवण्याची गरज नाही आणि चौथीच्या खाली तर मुळीच नाही.

जानेवारी 1956 ही तारीख सीमाभागात वाचणाऱ्याला खटकल्याशिवाय राहणार नाही. तिकडे मुलांची संघटना उभी राहत होती त्याच महिन्यात, 17 तारखेला, भाषावार प्रांतरचनेच्या निर्णयाविरुद्धच्या आंदोलनात इथे गोळीबार झाला. बेळगावात मारुती बेन्नाळकर, निपाणीत कमळाबाई मोहिते यांची नावं त्या दिवसाशी जोडलेली आहेत. दोन्ही घटनांचं मोजमाप एक नाही आणि तसं कोणी मुलांना सांगूही नये. पण स्मरणात मुलांना कुठे उभं करायचं हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. 17 जानेवारीला हुतात्मा चौकात किंवा 1 जूनला हिंडलग्याच्या, 1986 च्या आंदोलनातल्या हुतात्म्यांच्या स्मारकाशी पोरांना पुढच्या रांगेत धरायचं, हातात फलक द्यायचा, फोटो काढायचा, हे आपल्या अंगवळणी पडलंय. ‘रहेंगे तो महाराष्ट्र में’ पोरांना तोंडपाठ असतं. कोण गेलं, त्यांचं वय काय, काय काम करत होते, हे विचारलं की शांतता. रंगीत पक्ष्यांच्या माळेसमोर उभ्या असलेल्या मुलांचं ‘हिरोशिमा कुठे आहे’ या प्रश्नाला तसंच होतं.

म्हणून या संचाचा खरा उपयोग कागदाच्या पांढऱ्या पाठीत आहे. घडी घालण्याआधी तिथे एक ओळ लिहून घ्यायची, बॉलपेनने, कारण शाईपेन या कागदावर फुटतं. ओळ शांतीसंदेशाची नको. ‘जगात शांती नांदो’ असं चाळीस वेळा लिहिलेलं आलं तर ते फळ्यावरून उतरवलेलं आहे हे ओळखा. एक नाव, एक वय, एक जागा. हिरोशिमाच्या आठवड्यात तिथल्या मुलांचं, जानेवारीत इथल्या स्मारकावरून स्वतः वाचून आणलेलं. नाव घडीच्या आत जातं, बाहेरून दिसत नाही, पण घडी घालणाऱ्याला माहीत असतं.

वरच्या वर्गांसाठी घरी विचारायचे प्रश्न द्यावेत, तीनच: तेव्हा तुम्ही कितवीत होतात? त्या दिवशी शाळा भरली होती का? घरात कोण काय बोललं? 1956 मध्ये शाळेत असलेले आजी-आजोबा आता ऐंशीच्या घरात आहेत, 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाच्या वेळचे शाळकरी पन्नाशीत. ‘तुम्हाला कसं वाटलं’ हा प्रश्न टाळावा, उत्तर ठरावीक येतं. शाळा भरली होती का, या प्रश्नावर मात्र माणसं बोलायला लागतात: कोणत्या गल्लीतून घरी आलो, दप्तर कुठे टाकलं, आजीने दार कसं लावून घेतलं. मुलाने ऐकलेलं आहे तसं लिहावं, शिक्षकाने त्यात आवेश भरू नये. गोळीबाराची नाटुकली बसवून पोरांच्या सदऱ्यावर लाल शाई ओतण्याचा प्रकार तर बंदच व्हावा.

हा कागद शेजारच्या कन्नड शाळेतल्या पोरांनाही तेवढाच दुमडता येतो. त्यांच्याबरोबर करायचं असेल तर एक गोष्ट दोघांच्याही उपयोगाची आहे. युद्धात टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातले हत्ती उपाशी ठेवून मारले गेले होते. युद्धानंतर तिथल्या मुलांनी भारताला पत्रं लिहून हत्ती मागितला आणि 1949 मध्ये नेहरूंनी ‘इंदिरा’ नावाची हत्तीण पाठवली. ती म्हैसूरची होती, तिला हुकूम कळत ते कन्नडात, म्हणून जपानी माहुतांना कन्नड शब्द शिकावे लागले. सीमाभागातल्या मास्तरांना यावर हसू येईल. येऊ द्यावं.

माळा हिरोशिमाला पाठवा, असं पत्रक सांगतं. पाठवता येतात, तिथली महापालिका त्या घेते आणि पाठवणाऱ्यांची नोंदही ठेवते. साडेसातचे हजार पक्षी चौरस मीटरला 60 ग्रॅम भरणाऱ्या कागदाचे असले तर वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आत राहतं. पंधराचे केले तर सव्वा किलोच्या वर जातं आणि टपालाचा खर्च त्याच पटीत. पाठवायचेच तर पंख मिटलेले, थरांत सपाट रचून, मणी-बटणं काढून आणि प्लास्टिकची पिशवी न घालता. कारण तिथे वर्षाला जवळपास एक कोटी, सुमारे दहा टन पक्षी येतात आणि आता त्या कागदाचा पुनर्वापर करतात. आमचं मत विचाराल तर पाठवू नयेत. दहा टनांत साडेतीनशे ग्रॅमची भर घालण्यापेक्षा शाळेच्या व्हरांड्यात टांगाव्यात, पावसाची झड येणार नाही अशा भिंतीला. उन्हाच्या भिंतीला टांगल्या तर महिनाभरात गुलाबी रंग विटतो, निळा टिकतो. उतरवल्यावर कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून खोक्यात ठेवल्या तर कसर लागत नाही आणि जानेवारीत पुन्हा काढता येतात.

गुण द्यायचे तर कागदाला पाचपैकी साडेतीन, चित्रांना तीन, दोऱ्याला शून्य. माहितीपत्रकाला एक, तोही छपाई स्वच्छ आहे म्हणून. खोका दुकानातच उघडायला लावा. मधल्या थरातला एक चौकोन कर्णावर दुमडून पाहा आणि जादा कागद दहा आहेत की वीस ते मोजून घ्या, कारण चाळीस मुलांच्या वर्गात शिकताना किमान चाळीस वाया जातात. म्हणजे घोटीव कागदाचा एक ताव सोबत घ्यावाच लागतो.